बायोडाट्यातले केस

"मॅडम, फोटोत केले तसे केस आता डोक्यावर करून द्या," वंदनाताई काउंटरवर मोबाइल ठेवत म्हणाल्या. "उद्या पाहुणे येऊन राहिले पोरीले पाहाले."

वंदनाताई मोर्शीच्या. त्यांची संत्र्याची बाग आहे. मागे त्यांची मुलगी श्रुती उभी होती. ती कॉलेजात गणित शिकवते. तिचे केस कुरळे, दाट आणि कुणाचंही न ऐकणारे. फोटोत मात्र ते कमरेपर्यंत सरळ उतरले होते. ती करामत माझी.

मुलांनो, तुमची आजी अमरावतीत फोटो स्टुडिओ चालवते एवढं तुम्हाला माहीत आहे. तिथे नेमकं काय करते ते ऐका. लग्न जमवताना मुलामुलींची माहिती एका कागदावर लिहितात, तो बायोडाटा. त्यावरचा फोटो मी काढते आणि मग त्याचं रिटचिंग करते. म्हणजे कॉम्प्युटरवर डाग पुसायचे, रंग उजळायचा, केस सरळ करायचे. मूळ फाइल मी कधीच डिलीट करत नाही. तारखेप्रमाणे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि ग्राहकाशिवाय कुणालाही दाखवत नाही. डॉक्टर पेशंटचे रिपोर्ट शेजाऱ्यांना दाखवत नाहीत, तसंच.

"तीन स्थळं गेली जी," वंदनाताई म्हणाल्या. "एकानं तं तोंडावर म्हटलं, पोरगी चांगली हाये पन झिपरी दिसते. म्हनून तुमच्याकडून सरळ करून घेतले. हा चौथा अकोल्याचा, यानं फोटो पाहूनच हो म्हटलं."

"फोटोतल्या पोरीले हो म्हटलं त्यानं," श्रुती म्हणाली. "मले नाही."

"तू चूप बस. चार वाजता पार्लरची अपॉइंटमेंट हाये."

"आज करशीन सरळ. लग्नानंतर रोज सकाळी कोन करून देईन? तू येशीन काय अकोल्याले?"

हा प्रश्न फोटोतले केस सरळ करताना मला पडायला हवा होता. पडला नव्हता.

वंदनाताईंनी मोबाइलवर मुलाचा फोटो उघडला. "अन् हा मुलगा पाहा. केस पाहा कसे दाट!"

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कपाळावरचे केस डावीकडे वळले होते, सगळे एकाच कोनात. खरे केस इतक्या शिस्तीत वागत नाहीत. कॉम्प्युटरमध्ये केस रेखाटायचा एक ब्रश असतो आणि माझा ब्रश असाच वळतो. हा मुलगा, निखिल, माझाच ग्राहक होता. अकोल्यात कुणाला कळू नये म्हणून फोटोसाठी अमरावतीला आला होता. कपाळापासून टाळूपर्यंत त्याच्या डोक्यावर जे काही दिसत होतं, ते मीच लावलं होतं.

"छान हाये ना?" वंदनाताईंनी विचारलं.

"काम सफाईदार आहे," मी म्हणाले.

त्या गेल्या आणि मी विचारात पडले. एका ग्राहकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा माझा नियम. पण ज्याचं गुपित त्याच्याशीच बोलायला नियमाची आडकाठी नव्हती. मी निखिलला फोन लावला आणि बायोडाट्याचा फोटो कसा चालला, एवढंच विचारलं.

"एकदम मस्त, मॅडम! उद्याच मुलगी पाहाले चाललो. विगपन घेतला. पन..."

"पण काय?"

"पंख्याखाली बसवलं तं?"

"विग घालू नकोस, निखिल."

"काहून?"

"उद्या घालशील. लग्नानंतर रोज सकाळी काय करशील?" वाक्य उसनं होतं, पण उपयोगी पडलं.

"अन् नकार आला तं?"

"तर तो लग्नाआधी आलेला बरा."

"तेही खरंच म्हना," तो म्हणाला. "मुलगी लय सुंदर हाये, मॅडम. केस तं काय सरळ हायेत तिचे!"

मी पाणी प्यायले.

मग श्रुतीला फोन केला आणि पार्लरला जाऊ नकोस म्हणाले. "मी जानारच नव्हती," ती म्हणाली. "आई पर्स घेऊन दारात उभी हाये. राहू द्या उभी."

दुसऱ्या दिवशी दुपारी वंदनाताईंचा फोन आला. आवाज चढलेला.

"मॅडम, पाहुणे आले. त्यातल्या एका टकल्या पोराले मी म्हटलं, बसा जी, नवरदेव मांगून येऊन राहिला काय? तो म्हने, मीच."

"अरे देवा."

"ऐका तं. तिकडे त्याची माय श्रुतीले म्हनते, बेटा, पोहे मस्त झाले, आता तुह्या बहिनीले बोलाव. आमाले एकच पोरगी! मंग श्रुतीनं त्याले इचारलं, तुमचा फोटो कोनं काढला? तो म्हने, अमरावतीच्या एका मॅडमनं. अन् दोघं जे हसत सुटले!"

"आणि मग?" मी विचारलं.

"मंग घंटाभर बागेत बोलत बसले. तो म्हने, सरळ केसवालीपुढे उघड्या डोक्यानं बसाची भीती वाटत होती, हिले पाहून जिवात जीव आला. दोघायनं हो म्हटलं. पन तुमाले सारं मालूम होतं ना?"

"ग्राहकाचं गुपित, ताई."

"आग लागो त्या गुपिताले!"

लग्नाच्या फोटोंची ऑर्डर मलाच मिळाली. श्रुतीनं लिहून दिलं: दोघांच्याही केसांना हात लावायचा नाही. फोटो तयार झाले तेव्हा दोन्ही विहिणींचे फोन आले, एकमेकींना न सांगता. नातेवाइकांना पाठवायला एक तरी फोटो 'जरासा नीट' करून हवा होता. एकीला सुनेचे केस सरळ हवे होते, दुसरीला जावयाला थोडे तरी. मी दोघींना नाही म्हणाले. दोघींनी खळखळ न करता ऐकलं आणि लगेच दोघींनी आपापला फोटो पाठवला. "मंग माह्या सुरकुत्या तं काढा!"

इतक्या वर्षांच्या धंद्यात मला एवढंच कळलंय की मूळ फोटो सगळ्यांना आवडतो, दुसऱ्याचा.

सुरकुत्या मी काढून दिल्या. विहिणींना कुणी पाहायला येणार नव्हतं.