खालिकच्या नावाने

खालिक राथरबद्दल मला विचारू नका. विचारलंत तर सगळं ऐकावं लागेल.

लिद्दर नदीच्या काठावर आम्ही दोघंही पाहुण्यांना ट्राउट मासे धरायला नेतो. मी बोलका, तो घुम्या. कोंबड्याच्या मानेची दोन पिसं आणि बायकोच्या लोकरी फिरनातला एक धागा घेऊन तो गळावर अशी खोटी माशी बांधतो, की खरी माशीही फसावी. शरदात नदी उतरते, पाणी नितळ होतं, मासा सावलीलाही बुजतो. त्या दिवसांत आम्ही सगळे हात हलवत परततो आणि याला मासा लागतोच. का? तर हा नवाब ऐन हंगामात अक्रोडाला हात लावत नाही. हिरव्या सालीने हात काळे होतात, तो वास माशीला लागला की मासा फिरकत नाही म्हणे. झाडं झोडपायला मेहुणे, साली काढायला बायको, आणि हा नामानिराळा. सगळं गाव हसतं. मीही हसतो, पण पोटात दुखतं ते माझ्याच.

"खालिकचं नाव घेता तितक्यांदा अल्लाचं घेतलं असतंत, तर जन्नतीत जागा राखून झाली असती," असं माझी बायको फाजी म्हणते.

माझी सगळी मिजास डॉक्टर कौलांच्या जिवावर. दर शरदात जम्मूहून येतात ते माझ्याकडेच. यंदा गुडघे धरत गाडीतून उतरले आणि म्हणाले, "अहदू, या खेपेला मला खालिककडे घेऊन चल."

गिऱ्हाईक माझं, जायचं खालिककडे. वर पोहोचवायचंही मीच.

पोहोचवलं. मासा उचलायचं जाळं आणि चहाचा समोवार घेऊन दोघांच्या मागून चालत राहिलो. एकही मासा लागू नये म्हणून दुआ मागत होतो. खालिकने वाळूने हात घासले, माशी बांधली, बोटाने एक दगड दाखवला. डॉक्टरांनी दोरी फेकली आणि काठी वाकली. जाळं माझ्या हातात होतं. जरा तिरकं धरलं असतं तर मासा सुटला असता. पण लाल ठिपक्यांचा, पिवळ्या पोटाचा इतका देखणा मासा, माझा हात धजला नाही. अंडी घालायला वर निघालेला मासा आम्ही ठेवत नाही. खालिकने तो पाण्यातच सोडवला. डॉक्टर लहान मुलासारखे हसत होते. माझा नुसता जळफळाट.

परतताना खालिक पुढे निघून गेला. डॉक्टर माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होते.

"डॉक्टरसाब, माझं काय चुकलं? याचं नाव तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तूच की. दर वर्षी काठावर बसून दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडतोस. त्याची माशी, त्याचे हात, त्याचा कोंबडा. म्हटलं, डोळे मिटायच्या आत हा माणूस एकदा बघून घ्यावा."

मी समोवार दुसऱ्या हातात घेतला. डॉक्टर बोलतच होते.

"पण दिवसभरात शब्द बोलला नाही रे तो. कंटाळलो मी. पुढच्या वर्षी तूच चल."

"आणि मासा नाही लागला तर?"

"नाही तर नाही." डॉक्टर धापा टाकत दगडावर टेकले. "हं, बोल आता. खालिकने आज काय काय केलं?"

जीव भांड्यात पडला होता. मी घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि त्या मेल्याला नावं ठेवायला मला काही सुचेना.