वेटिंगमध्ये पहिली

देवासची ऋजुता मेडिकलच्या शेवटच्या फेरीत वेटिंगवर पहिली होती. यादीत तिच्या लगेच वरच्या मुलीनं संध्याकाळपर्यंत प्रवेश घेतला नाही, तर सीट ऋजुताची होणार होती. तिचा हा तिसरा प्रयत्न होता आणि चौथ्याचं बळ घरात कुणातच उरलं नव्हतं. आईला घेऊन ती सकाळपासून कॉलेजच्या आवारात बसली होती. फाटकापाशी रिक्षा थांबली की ती उठून उभी राहायची.

दुपारी तिला राहवेना. वरची मुलगी म्हणजे तिरला गावची रवीना, तिच्याच कोचिंग क्लासमधली. ऋजुतानं तिला फोन लावला.

"येतेयस ना गं?"

"दीदी, कल आऊँगी. आज पापा बाहर गये हैं."

आज शेवटचा दिवस आहे, हे रवीनाला ठाऊकच नव्हतं. आईनं ऋजुताचं मनगट घट्ट धरलं. "काही बोलू नकोस," ती कुजबुजली.

ऋजुतानं मनगट सोडवून घेतलं. मग रडतच ओरडली, "कल नहीं, आज लास्ट है! अभी निकल!"

फाटक बंद व्हायच्या जरा आधी रवीना धापा टाकत पोहोचली. प्रवेश घेऊन बाहेर आली आणि तिनं ऋजुताला मिठी मारली.

"दीदी, आपको कौन सा कॉलेज मिला?"

आई केव्हाच पाठ फिरवून फाटकाकडे चालू लागली होती.