मोगऱ्यावरची जाळी

संपाच्या दुसऱ्या वर्षी आमचे हे गावी गेले. मिलमध्ये ते विणकर होते. मिल सुरू होण्याची आशा सुटल्यावर म्हणाले, "तिकडं निदान शेत तरी बघतो." मी बालवाडीत शिकवत होते, म्हणून लालबागच्या खोलीत मागे राहिले.

खोलीपुढच्या गॅलरीत, तेलाच्या डब्यांत माझी झाडं होती. मोगरा, अबोली, तुळस, कढीपत्ता. गॅलरी पश्चिमेची. एप्रिलमध्ये दुपारनंतर ऊन असं भाजायचं की पानं करपून जायची. मी जुनी साडी बांधली, ती महिनाभरात विरली. मग दादरहून प्लास्टिक आणलं. त्याखाली झाडं उकडल्यासारखी झाली, अबोली तर गेलीच.

शेवटी मी यांना पत्र लिहिलं, झाडांवर काय घालू? यांची पत्रं चार ओळींची असायची. या वेळी दोन पानं आली, पाठपोट. "सुती घेऊ नकोस, उन्हानं विरतं. जाड नायलॉनची जाळी घे. उजेडासमोर धरून बघ. नखानं धागा सरकवून बघ, सरकला तर घेऊ नकोस. कडा दुमडून दुहेरी शीव, नाहीतर वाऱ्यानं आधी तिथंच फाटेल." एवढं लिहिलं होतं. तू कशी आहेस, मी कधी येतो, यातलं काही नव्हतं. तरी मी ते पत्र आठवडाभर वाचत होते.

दुकानात मी तीन जाळ्या नखानं तपासल्या. दुकानदार बघत राहिला. "बाई, मिलमध्ये होता काय?"

"मी नाही. आमचे हे."

"आता कुठं असतात?"

"गावाला."

त्यानं आतून चौथा तागा काढून दिला.

जाळी बांधताना खरी पंचाईत झाली. एक टोक खिळ्याला अडकवावं, दुसरं ओढायला जावं, तर पहिलं सुटायचं. कुणाला हाक मारावी? शेजारच्या दोन्ही खोल्यांना कुलपं होती, ती माणसंही गावी गेलेली. मग एका टोकाला पाटा बांधला आणि काम उरकलं. नंतर स्टुलावर बसून उगाच रडले.

पुढच्या वर्षी हे चार दिवसांसाठी आले. पिशवी खाली न ठेवताच गॅलरीत गेले, जाळीची कड दोन बोटांत धरून म्हणाले, "शिवण चांगली घातलीस गो." जायच्या दिवशी म्हणाले, "गावी चल."

"आणि बालवाडी?"

त्यांनी पिशवी उचलली. नंतर ते गावचेच झाले. मी सुट्टीत जायची आणि परत यायची.

जाळी नऊ वर्षं टिकली. मोगरा इतका फुलायचा की रोज ओंजळभर कळ्या निघायच्या. त्यातल्या दोन मी माळायची. बाकीच्या बालवाडीच्या टेबलावर बशीत पाणी घालून ठेवायची.