हाताला लागतील ती खोकी

त्या मंगळवारी राजधानीतल्या द्वारकेच्या उड्डाणपुलावर आमच्या पोलीस ठाण्याच्या गाडीचा ब्रेक लागला नाही. हवालदार गेला. आठ वर्षे तो माझी गाडी चालवत होता. त्या दिवशी गाडीत मी नव्हतो.

अहवालात शेरा पडला : चालकाचा निष्काळजीपणा. हवालदार मूळचा वर्ध्याचा. त्याची पत्नी ठाण्यात आली. "साहेब, हा गाडी नाही, बैलगाडी चालवतो, असं तुम्हीच चिडवायचात ना त्यांना?"

आठवड्याने गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक आला. महिन्यापूर्वी त्याने ब्रेकची नवी नळी बसवली होती. त्याच खोक्यातली दुसरी नळी त्याने माझ्यासमोर दुमडली. ती चिरली. "देखिए साहब, पापड है पापड!"

या नळ्यांच्या पुरवठादाराचे गोदाम आमच्याच हद्दीत होते. सरकारतर्फे मालाची तपासणी करणाऱ्या तपासनिसाला बोलावले. कागद चोख, प्रत्येक पानावर सही. "लॉटमधली कुठलीही वीस खोकी उघडायची, हा नियम आहे. मी तेच करतो." तीनदा विचारले, जबाबातला शब्द हलला नाही.

मग त्याला गोदामात नेले. "नेहमी करता तसं करून दाखवा."

तो दाराशीच थांबला, इकडेतिकडे पाहू लागला. पॅकिंगचा मुकादम हसला. "साहबजी, कुर्सी के बिना इनका इन्स्पेक्शन शुरू नहीं होता!"

"कुर्सी कौन लगाता है?"

मुकादमाचे हसू गेले.

खुर्ची, पंखा, चहा हे सगळे मालकाची माणसे मांडत. तपासनीस बसल्या जागेवरून हाताला लागतील ती खोकी उघडे. चांगला माल तेवढाच, खुर्चीभोवती. भिंतीकडची खोकी आम्ही पंचांसमोर फोडली. त्यांतल्या नळ्या दुमडताच चिरल्या.

"सर, मी एक रुपयाही घेतलेला नाही," तपासनीस म्हणाला. ते खरे होते. मला संताप आला तो त्याचाच, आणि अजून येतो. लाच खाणाऱ्याला निदान आपण काहीतरी विकले हे ठाऊक असते. याने फक्त उठायचे कष्ट वाचवले आणि खाली सही केली. पुढच्या सगळ्या नोकरीत चोख कागद समोर आला की मी आधी विचारत असे, हे लिहिणारा जागेवरून उठला होता का?

हवालदारावरचा तो शेरा रद्द झाला. आदेशाची प्रत मी स्वतः हवालदाराच्या पत्नीला नेऊन दिली. खटला अजून चालू आहे. मालक आणि तपासनीस जामिनावर आहेत. हवालदार नाही.