दादाचा बधिर पाय
तेलात हळद करपल्याचा वास आला, की शिरूर कासारचं आमचं अंगण आठवतं. नसेच्या पातळ आवरणातून संदेश कसा जातो, यावर मी संशोधन करत होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो. ऊसतोडीवरून परतलेला थोरला भाऊ तळव्याच्या जखमेवर हळद लावत होता. काटा रुतलेला त्याला कळलाच नव्हता. "तू नसांचंच शिकतू ना? मंग पाय कावून बधिर पडलाय?" मी अर्धा तास समजावलं. तो म्हणाला, "विलाज हाय का?" "मी डॉक्टर नाही," मी चिडून म्हणालो. त्यानं पाय मागं घेतला. जखम चिघळत गेली आणि दिवाळीआधी अंबाजोगाईच्या दवाखान्यात तो पाय कापावा लागला. आता त्याच संशोधनासाठी माझे सत्कार होतात. त्याला दवाखान्यात न्यावं, एवढंही तेव्हा मला सुचलं नव्हतं.