दिगांबररावांचं जुनं विमान

जुनी जीप घेतलेल्या माणसाकडं एखादा किस्सा असतो. जुना ट्रॅक्टर घेतलेल्याकडं दोन असतात. पण जुनं विमान घ्यायला निघालेल्या माणसाबरोबर दीड वर्ष हिंडलेल्याकडं? पोतंभर! चहाला चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "सार्जंट, ते विमानाचं सांगा ना." मग मी एक सांगायला बसतो आणि त्याच्या मागं लागून बाकीचे आपोआप बाहेर येतात.

मी मूळचा जाफराबादचा. हवाई दलात पंधरा वर्षं विमानांचे पत्रे आणि सांगाडे तपासले, मग जालन्यात येऊन जीप-ट्रॅक्टरचं गॅरेज टाकलं. माझ्या शेजारी फिरोजभाईंचं डेंटिंगचं दुकान. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात त्यांच्यासारखा कारागीर मी हवाई दलातही पाहिला नाही. एका सकाळी परतूरचे जिनिंगवाले दिगांबरराव गॅरेजात आले. पंचेचाळिशीत ते औरंगाबादला जाऊन विमान चालवायला शिकले होते, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.

"सार्जंट, विमान घ्यायचंय. जुनं."

माझ्या हातात जीपचा गिअरबॉक्स होता. तो खाली ठेवला. "जुनं कशाला?"

"नवं कोण देऊन राह्यलं आपल्याला! तुमी फकस्त संगं चला. सही करायला लायसनवाला इंजिनियर हाये, पण मला माझ्या भरवशाचे डोळे पायजेत."

मी म्हणालो, "मग फिरोजभाईंनाही घ्या. पत्र्याच्या बाबतीत माझे डोळे ते आहेत."

फिरोजभाई तोवर कधी विमानाच्या जवळसुद्धा गेले नव्हते!

* * *

पहिलं विमान बघायला माळव्यात गेलो. चार सीटचं, पांढरंशुभ्र, निळ्या पट्ट्याचं. उन्हात असं चमकत होतं की दिगांबरराव गाडीतून उतरण्याआधीच म्हणाले, "घेऊन टाकू."

मालक बोलायला गोड. "साहेब, घरच्या माणसासारखं वापरलंय."

मी इंजिनाकडं गेलो. फिरोजभाई मात्र एका बाजूनं पत्र्यावर तळहात फिरवत चालले, डोळे मिटून. इंजिनाच्या मागं आले आणि थांबले. परत मागं गेले, परत आले.

"सार्जंटसाब, इधर हाथ लगाओ."

हात लावला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण बोटांना बारीक बारीक लाटा लागत होत्या. रंगाखाली पत्र्याला सुरकुत्या पडल्या होत्या. विमान कधीतरी नाकावर बसलं की हे होतं. नाकावर बसलं की पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, जमिनीला लागतो. आणि फिरता पंखा जमिनीला लागला की हिसका थेट इंजिनाच्या मुख्य दांड्याला, क्रँकशाफ्टला बसतो. बाहेरून इंजिन छान चालतं, आत केसाएवढी चीर पडलेली असते. ती शेतावरून उडताना उघडेल, की डोंगरावरून, हे कुणी सांगू शकत नाही.

मी मालकाला विचारलं, "पंखा कधी जमिनीला लागला होता का?"

"छे, छे! बघा ना, पंखा तर नवाकोरा आहे!"

फिरोजभाईंनी मालकाच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी प्रेमानं विचारलं, "वही तो पूछ रहे सेठ. नया कायकू डाला?"

* * *

दुसरं विमान होतं एका साखर कारखान्याजवळच्या शेडमध्ये. मालक म्हातारे, भले गृहस्थ. त्यांना खरंच वाटत होतं की आपण फार जपलंय.

"तीन वर्षांत हात लावू दिला नाही कुणाला!"

आता यांना कसं सांगणार, की विमान नुसतं उभं राहिलं की जास्त आजारी पडतं? तेल खाली उतरतं, इंजिनाचे आतले भाग कोरडे पडतात आणि गंज धरतो. मी पंखाखालची एक छोटी झाकणी उघडली. आत हात घातला तर बोटांना मऊ लागलं. ओढून काढलं. उंदरांचं घरटं! कापूस, भुईमुगाची टरफलं, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे तुकडे. आरशानं आत बघितलं. उंदरांच्या मुतानं ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी झाली होती, थेट पंख पेलणाऱ्या मधल्या तुळईपर्यंत.

म्हाताऱ्यांचा चेहरा उतरला.

दिगांबररावांनी त्या घरट्यातला कापूस उचलला. जिनिंगवाल्याची सवय, अंगठ्यानं आणि बोटानं ओढून धागा बघितला, उजेडाकडं धरला.

"काका," ते हळूच म्हणाले, "कापूस एक नंबर हाये. विमान ऱ्हाऊ द्या."

म्हातारे आधी दचकले, मग इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. जेवल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

* * *

एका ठिकाणी विमान राहिलं बाजूला, आधी वह्याच पुढं आल्या. विमानाची प्रत्येक तासाची, प्रत्येक दुरुस्तीची नोंद वहीत असते. वही हरवलेलं विमान म्हणजे कूळ-गाव ठाऊक नसलेलं स्थळ! इथं मात्र बारा वर्षांच्या वह्या, एकही डाग नाही, एकही खाडाखोड नाही. मालक बाहेर गेला होता. वह्या दाखवायला त्याचा कारकून बसला होता. पन्नाशीचा, हडकुळा माणूस.

फिरोजभाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी नुसती पानं उलटली. "बारा साल. एकच कलम, एकच शाई. बहोत संभालके रखा कलम."

कारकुनाला घाम फुटला. मी पानं चाळत गेलो आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तीस फेब्रुवारी. दीड तास उड्डाण.

"साहेब," मी म्हणालो, "तीस फेब्रुवारीला?"

कारकुनानं वही जवळ ओढली, चष्मा पुसला आणि बारीक आवाजात म्हणाला, "त्या साली लीप इयर होतं साहेब."

हसू दाबायला दिगांबररावांना खोकला काढावा लागला. मग त्या माणसानं हात जोडले. "खरी वही मालकानं कुठं ठेवली ते मला ठाऊक नाही. चार रात्री बसून लिहायला लावलं. पोरीचं लग्न आहे, नोकरी गेली तर..."

मालक आल्यावर दिगांबररावांनी त्याला सांगितलं, "इंजिनचा आवाज पटला न्हाई आमाला."

इंजिन आम्ही चालूच केलं नव्हतं!

* * *

आता माझी फजिती सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा स्वतःचीच वाहवा करतोय.

समुद्राकडच्या एका शहरात एक विमान सापडलं. पत्रा सरळ, वह्या खऱ्या, इंजिन गोड. तेलाचा फिल्टर कापून बघितला, धातूचा एक कण नाही, म्हणजे आत झीज नाही. फिरोजभाईंनीही मान हलवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी म्हणालो, "दिगांबरराव, घ्या."

त्या खेपेला कमलवहिनी, म्हणजे दिगांबररावांच्या मंडळी, बरोबर आल्या होत्या. विमानाला त्यांचा पहिल्यापासून विरोध. "एकदा बसून तर बघ," असं दिगांबररावांनी चारदा म्हटल्यावर त्या मागच्या सीटवर बसल्या. बसल्या आणि नाकाला पदर लावला.

"हे बुडालेलं हाये."

"अगं, विमान कसं बुडंल? ते काय नाव हाये का!"

"मला नका सांगू. माझ्या माहेरी पुराचं पाणी घरात शिरल्तं. कोठीला वरीसभर ह्योच वास येऊन राह्यला होता."

मला ते जरा लागलंच. पंधरा वर्षांचा अनुभव माझा, आणि या वास घेऊन सांगणार! तिरीमिरीत मी मागचं अस्तर सोडवलं. आत, कमरेएवढ्या उंचीवर, सुकलेल्या गाळाची सरळ रेघ. खाली सगळ्या तारांच्या जोडांवर हिरवा गंज. पुरात विमान अर्धं बुडालं होतं, आणि बाहेरून धुऊन-पुसून नवीन सीटकव्हरं चढवली होती.

मी खाली उतरलो. मान वर होईना. परतीच्या वाटेवर गाडीत वहिनी म्हणाल्या, "सार्जंटभाऊ, पुढच्या टायमाला मलाबी घेऊन चला."

तिथून पुढं त्यांचा विरोध संपला!

* * *

शेवटी जे घेतलं, ते निघालं आमच्याच जिल्ह्यात. तीन राज्यं पालथी घातली आणि विमान उभं होतं भोकरदनकडच्या एका शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये! लायसनवाल्या इंजिनियरनं ते पुन्हा उघडून तपासलं, राहिलेली नोंद केली, आणि पुढं कितीतरी वर्षं दिगांबररावांनी ते सुखरूप उडवलं. पण बघायला गेलो त्या दिवसाचं सांगतो. वहिनी तेव्हा माहेरी होत्या, आम्ही तिघंच गेलो.

विमान होतं आबासाहेबांचं. उमेदीची सारी वर्षं त्यांनी विमानं चालवण्यात घालवली, मग गावी येऊन स्वतःच्या रानात धावपट्टी केली. दोन वर्षांपूर्वी आजारानं गेले. विकत होत्या त्यांच्या पत्नी, मालतीबाई. मुलींच्या शाळेतून हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या. अजूनही समोर उभं राहिलं की हात आपोआप सरळ व्हायचे.

"सगळं उघडून बघा," त्या म्हणाल्या. "मला कुणाला फसवून विकायचं न्हाई. पण बघा, सापडायचं काही न्हाई. लग्नानंतर मी त्यांना एकच अट घातली होती. विमान एकदा जरी आपटलं, तर त्याच दिवशी विकायचं. शेवटपर्यंत आपटलं न्हाई. मला शब्द दिल्ता त्यांनी."

आम्ही शेडमध्ये गेलो. विमान खरंच जपलेलं. आबासाहेबांच्या मागंही मालतीबाईंनी मेकॅनिक बोलावून दर महिन्याला इंजिन चालवून घेतलेलं, तेल बदललेलं, पंखांच्या झाकण्यांना जाळी, उंदीर शिरायला जागा नाही. मी सीटा काढल्या, खालची फळी उचलली, बॅटरी घेऊन आत वाकलो.

उजव्या चाकाच्या वर पत्रा वेगळा होता. रिव्हेटची डोकीही वेगळी. कुणीतरी अतिशय सुबक, अतिशय पक्कं काम केलं होतं. दणका बसलेला भाग कापून नवा जोडला होता. वहीत याची एक ओळ नव्हती. मी बॅटरी जवळ नेली. पत्र्यावर पेन्सिलीनं, मराठीत लिहिलेलं होतं, खाली आबासाहेबांची सही.

"क्या लिखा है?" फिरोजभाईंनी विचारलं.

मी हळू आवाजात वाचलं. "उजवं चाक दगडावर गेलं. पत्रा बदलला. बाईंना सांगू नका."

फिरोजभाईंनी त्या जोडावरून बोट फिरवलं. "काम सच्चा है," ते म्हणाले. "आदमी भी सच्चा था. बस डर गया था, विमान हाथ से जाएगा करके."

दिगांबरराव फळीवर बसले. "विमान मला पटलं. पण नोंद केल्याबिगर घेता येत न्हाई. आन नोंद करायची म्हंजी बाईला सांगावं लागंल. कोण सांगणार?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

मी घराकडं निघालो. पायऱ्या चढेपर्यंत मनात चार वाक्यं तयार केली आणि चारही खोडली. मालतीबाईंनी चहा ठेवला होता. मी उभाच राहिलो.

"ताई, विमान चांगलं हाये. दिगांबरराव घेणार हायेत. फक्त... उजव्या चाकापाशी एक जुनी दुरुस्ती दिसली. एकदम पक्की हाये, काळजीचं काही न्हाई. तेवढी वहीत लिहायची राह्यली होती."

त्यांनी कपात चहा ओतला. बशी माझ्यापुढं सरकवली. खिडकीतून शेडकडं बघितलं.

"पेन्सिलीनं लिहिलेलं," त्या म्हणाल्या, "अजून वाचता येतंय का हो?"