जरतरी वकीलबाई

घोडेगावच्या कोर्टाबाहेर वकिलांच्या टेबलांची रांग असते. शहाण्णव साली त्या रांगेच्या टोकाला प्रज्ञाचं टेबल लागलं. तिचे वडील हनुमंत एसटीत कंडक्टर होते. लेक पुण्याहून वकील होऊन आली तेव्हा त्यांनी डोंगरातल्या प्रत्येक गावाला तिकिटाबरोबर ही बातमी फाडून दिली. पण वर्ष सरलं तरी वकीलबाई कोर्टात उभी राहिलेली कुणाला दिसेना.

कारण तिची रीतच उलटी. पक्षकार तावातावानं यायचा, "त्याला कोर्टात खेचायचाय!" म्हणायचा. प्रज्ञा त्याला पाणी द्यायची, सगळं ऐकून घ्यायची आणि शांतपणे सांगायची, "मिटवा. पुढच्या वेळी धंदा सुरू करायच्या आधी या." पक्षकार पाणी पिऊन शेजारच्या टेबलावर जायचा. तिथले वकील गेणभाऊ तिला मनापासून नमस्कार करायचे. "बाई, तुमी आल्यापासून आमचं बरं चाललंय."

आणि कुणी खरंच धंद्याआधी आलाच, तर प्रश्नांनी त्याचा जीव घ्यायची. जर भागीदार निघून गेला तर? जर माल परत आला तर? लोकांनी तिचं नाव ठेवलं, जरतरी वकीलबाई.

हनुमंत वैतागले. "अगं, डॉक्टर आजाऱ्याची वाट बघतो. तू धडधाकट माणसं धरून आणतीस."

"आण्णा, लस टोचायला नर्स येतेच की गावात."

"तिला सरकार पगार देतं!"



तिच्या शाळेतली मैत्रीण शीला राजुरीला दिली होती. तिची सासू लंकाबाई काळा मसाला असा करायची की पाहुणे जेवून जाताना पुडी मागायचे. शीलानं तो शिकून घेतला, नवरा धर्माजीनं कांडपाचं मशीन आणलं, आणि मसाला आळेफाटा, नारायणगाव करत चाकणपर्यंत गेला. आता छापील पाकीट पाहिजे म्हणून धर्माजीनं नमुना काढला. वर लंकाबाईचा फोटो, मध्ये 'लंकाबाईंचा काळा मसाला', आणि खाली 'पित्त व सांधेदुखीवर गुणकारी'.

शीला म्हणाली, "छापायच्या आधी प्रज्ञाला दाखवू."

प्रज्ञानं नमुना हातात घेतला. "भाऊ, यानं सांधेदुखी जाते?"

"आईची गेली की."

"आणि गिऱ्हाइकाची नाही गेली तर?"

धर्माजीनं खालची ओळ खोडली.

"आता हा फोटो. आईंना विचारलंय?"

"आईला काय इचारायचं? आई हाय ती माजी!"

"तुमची आई आहे, पण चेहरा त्यांचा आहे. नावही त्यांचं. उद्या धंदा वाढला आणि त्या नको म्हणाल्या तर?"

धर्माजी बायकोकडं वळून पुटपुटला, "ही मैत्रीण हाय का सवत?" पण शीलानं त्याला जुमानलं नाही. रविवारी प्रज्ञाला राजुरीला नेलंच.

लंकाबाईला एवढ्या वर्षांत घरात कुणी काही विचारलं नव्हतं. विचारायला थेट वकील आल्यावर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अटी सांगायला सुरुवात केली. फोटो नथ घालून नवा काढायचा. विक्रीत आपला हिस्सा दर महिन्याला आपल्याच हातात द्यायचा. धर्माजीचा चेहरा पडला.

"आन् माजं नाव दुसऱ्या कुणी लावायचं न्हाई," लंकाबाई म्हणाली. "भावकीतली ती सखू लई चालू हाय."

"पण जर तुम्हीच ते दुसऱ्या कुणाला दिलंत तर?" प्रज्ञानं विचारलं.

"मी? मी काय येडी हाय का? लिही. मी सुदीक द्यायचं न्हाई. मोठ्या अक्षरात लिही!"

तसा करार झाला. लंकाबाईनं अंगठा उठवला. नाव नोंदवायचा अर्जही गेला. तो सरकारी चालीनं पुढं सरकत राहिला.

दोन हजार तीन साली सासूसुनेचं वाजलं. कारण दगडफूल. ते महाग झालं म्हणून शीलानं मसाल्यात जरा कमी केलं. लंकाबाईनं एका घासात ओळखलं, पिशवी भरली आणि बोरी बुद्रुकला लेकीकडं निघून गेली. जावई जानकूला आयतं घबाड मिळालं. महिनाभरात बाजारात पाकीट आलं, 'असली लंकाबाईंचा काळा मसाला'. कुणी हटकलं की जानकू ओट्यावर बसलेल्या सासूकडं बोट दाखवायचा. "त्यांच्याकडं नुसता फोटो हाय. आमच्याकडं खुद्द बाई हाय!"

दुकानदार गोंधळले. दोन्ही पाकिटांवर तीच नथ. धर्माजी घोडेगावला धावला.

"केस टाका, ताई! पोलीस बोलवा!"

"कुणावर टाकू? आईवर?"

धर्माजी खुर्चीत मटकन बसला. "न्हाई, तसं न्हाई..." मग हळूच म्हणाला, "ती जेवती का न्हाई तिकडं, ते तरी बघून या."

प्रज्ञा शीलाला घेऊन बोरीला गेली. जानकूनं दारातच छाती काढली. "वकीलबाई, मामी जित्ती हाय, तिचं नाव ती कुणाला बी दील!"

प्रज्ञानं ओट्यावर बसून करार वाचायला घेतला. लंकाबाईंनीही आपलं नाव दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, या वाक्यापाशी लंकाबाईनं हात वर केला.

"थांब. परत वाच."

प्रज्ञानं परत वाचलं.

"ह्ये कुणी लिवलं?"

"तुम्हीच सांगितलंत. मोठ्या अक्षरात."

लंकाबाईनं अक्षरांकडं पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण मोठी होती हे दिसत होतं. ती जावयाकडं वळली. "जानकू, पाकिटं बंद कर."

"मामी, अवो आपल्याच घरचं—"

"माजा शबुद हाय तो! वकिलानं लिवलाय! मी मोडू व्हय?"

जानकू शीलाकडं पाहू लागला, शीला सासूकडं. मग शीलाच रडायला लागली. "आत्या, दगडफूल तुमच्या मापानं घालते. पण न बोलता निघून का गेलात?"

"तू मला न इचारता कमी का केलंस?" लंकाबाई म्हणाली आणि पदरानं सुनेचे डोळे पुसले.

कोर्टात गेलं असतं तर हे भांडण नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरलं असतं. ते जानकूच्या ओट्यावर चहा उकळेपर्यंत संपलं. प्रज्ञानं आणखी एक ओळ वाढवली, मसाल्यात काही बदलायचं तर सासूसून दोघींनी मिळून. जानकूलाही रिकाम्या हातानं ठेवलं नाही. बोरी आणि आसपासच्या गावांत धर्माजीचा मसाला विकायचं काम त्याला लेखी दिलं. त्यानं तो कागद तीनदा वाचून घेतला.

ही गोष्ट मसाल्याच्याच वेगानं पसरली. टोमॅटोची गाडी लावणारे, रोपवाटिका काढणारे, डेअरी वाढवणारे लोक सही करायच्या आधी घोडेगावला येऊ लागले. टेबलापुढची जागा पुरेना, तेव्हा प्रज्ञानं बाजारपेठेत खोली घेतली. त्या दिवशी लंकाबाईनं हट्टानं रस्सा स्वतः केला. सगळं कोर्ट जेवायला आलं. रस्सा असा झणझणीत की कारकून, वकील, बेलीफ रांगेनं डोळे पुसत बाहेर पडत होते, आणि रस्त्यावरची माणसं एकमेकांना विचारत होती, "काय राव, कुणाचा निकाल लागला म्हनायचा?"